डोक्यावर हात ठेवणारी शाळा

आमच्या शाळेत मार्क नाहीत. त्यामुळे किस्से फार!

म्हणजे असं बघा. दुसऱ्या शाळेत पालकांनी विचारलं, "आमचा मुलगा कसा आहे?" की तिथल्या बाई सांगतात, गणितात इतके, इंग्रजीत तितके. विषय संपला. आमच्याकडे सातवीपर्यंत परीक्षा नाही, नंबर नाही, मग आम्ही सांगणार काय? घडलं ते सांगतो. "परवा त्यानं मांजराच्या पिल्लांना झोपायला बूट दिला. स्वतःचा नव्हे, माझा!" असं वर्षानुवर्षं सांगत राहिलं की साठा होतो. मे महिन्यात कपाटं आवरायला बसलो की आवराआवर राहते बाजूला आणि चहा मात्र तीनदा होतो.

"बाई, गोष्टी लई झाल्या. आकडा सांगा की!"

हे वाक्य बापूंचं. बापू म्हणजे मार्केट यार्डातले गुळाचे व्यापारी आणि आमच्या ओवीचे आजोबा. पांढरी टोपी, पांढरा सदरा. आवाज असा की ते फोनवर बोलताना बघून वाटावं, ह्यांना फोन कशाला हवा? पुढं सारखे भेटणार आहेत, म्हणून आत्ताच ओळख करून दिली.

शाळा पन्हाळा रस्त्याला, चारी बाजूंनी ऊस. मोठ्या बाईंनी ती काढली तेव्हा तिथं एक चिंच आणि एक विहीर होती. आता कौलारू वर्ग आहेत, स्वयंपाकघर आहे. मुलं भाकरी थापतात, वाफे करतात, भांडतात, शुक्रवारी सभा घेऊन भांडण मिटवतात आणि यातून वेळ उरला की शिकतात. मी नाटक शिकवायला म्हणून आले आणि राहूनच गेले. पोरं मला ताई म्हणतात.

*

आमच्याकडे घंटा नाही, शिट्टी नाही. कोणाला काही सांगायचं असेल तर त्यानं उजवा हात आपल्या डोक्यावर ठेवायचा. जो बघेल त्यानंही आपला हात डोक्यावर ठेवायचा आणि गप्प व्हायचं. बघता बघता सगळी शाळा डोक्यावर हात ठेवून उभी! ज्यानं सुरुवात केली तो बोलतो, हात खाली घेतो, की सगळ्यांचे हात खाली. मोठ्या बाईंनी ठेवला तरी हेच आणि बालवर्गातल्या पोरानं ठेवला तरी हेच.

बाहेरच्याला वाटतं, कोणीतरी गेलं. एकदा गॅसची टाकी घेऊन आलेला माणूस टाकी दारातच ठेवून, चपला काढून, हात जोडून उभा राहिला होता.

ओवी आली तेव्हा पहिलीत जायच्या वयाची होती. आधीच्या शाळेनं तिला परत पाठवलं होतं, कारण ती बोलायची नाही. घरी आईच्या कानात काय बोलेल तेवढंच. आमच्याकडेही कित्येक आठवडे तिनं तोंड उघडलं नाही. आणि एक दिवस मधल्या सुट्टीच्या गोंधळात तिनं हात डोक्यावर ठेवला!

सगळी शाळा गप्प. मला वाटलं, आता बोलणार! ओवीनं सगळ्यांकडे एकदा नीट बघितलं. उसाची पानं सळसळत होती, ती ऐकली. मग हात खाली घेतला आणि झोक्याकडे निघून गेली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. मी वैतागून मोठ्या बाईंकडे गेले. "बाई, ही सगळ्यांना गप्प करते आणि काहीच बोलत नाही."

"बोलली की," मोठ्या बाई म्हणाल्या.

"काय बोलली?"

"ते मला काय माहीत? पण तिचं बोलून झालं. चल, आमटीला फोडणी घालायची आहे."

*

मोठ्या बाईंनी शाळा माझ्या हाती दिली ती मेथी निवडता निवडता.

"जूनपासून तू बघ."

"काय बघू?"

"शाळा! मेथी काय बघायची आहे?"

त्या जयसिंगपूरला भावाकडे राहायला जाणार होत्या. मी म्हटलं, "काही सांगून तरी जा." तर म्हणाल्या, "काहीतरी बदल. सगळं माझ्यासारखंच ठेवलंस तर माझं म्युझियम होईल. मग तिकीट लाव दारात." आणि काय बदलायचं नाही, असं विचारलं तर म्हणाल्या, "ते तुझं तू शोध."

सोपं काम नव्हतं. आजूबाजूच्या गावांत पिवळ्या बस फिरायला लागल्या होत्या. टाय लावलेली पोरं बसमधून आमच्या पोरांना हात करायची. आमची संख्या हळूहळू घटत होती. विश्वस्तांनी मला बोलावून शांतपणे सांगितलं, "फेब्रुवारीत पालकसभा घेऊ. पालक म्हणाले तर परीक्षा, नंबर, युनिफॉर्म सगळं चालू करायचं. नेहमीसारखी शाळा. नाहीतर तुमचं चालू द्या."

नेहमीसारखी शाळा चालवणं मला जमलं नसतं असं नाही. पण नेहमीसारख्या शाळेनं परत पाठवलेली पोरं आमच्याकडे होती, त्यांनी कुठं जायचं? सबंध वर्ष हा प्रश्न मी उरावर घेऊन वावरत होते.

*

पहिला बदल म्हणजे शिंदे सर.

एका कडक शाळेतून लवकर रिटायर झालेले गणिताचे शिक्षक. मिशी भरघोस. पहिल्याच दिवशी अंगणातला गोंगाट बघून ते व्हरांड्यात आले आणि गरजले, "गप्प बसा!!"

चिंचेवरचे पक्षी उडाले. पोरं जागच्या जागी थिजली. आणि ओवीनं त्यांच्यासमोर जाऊन हात डोक्यावर ठेवला. पाठोपाठ सगळ्यांनी ठेवला. मीही ठेवला.

शिंदे सर घाबरले. माझ्याजवळ येऊन हळूच विचारतात, "काय झालं हो? सगळ्यांचंच डोकं दुखायला लागलं?"

शुक्रवारच्या सभेत सरांचा विषय निघालाच. एक पोरगा उभा राहून म्हणाला, "सर वराडत्यात." दुसऱ्यानं बाजू घेतली, "वराडत न्हाईत, त्यांचा आवाजच तसा हाय. कोल्हापूरचं हायत." बरीच चर्चा झाली आणि ठरलं की सरांना शिकवायचं. शिकवणार कोण? ओवी! रोज मधल्या सुट्टीत ती सरांसमोर उभी राहायची. तिनं हात ठेवला की सरांनी ठेवायचा. शाळेत न बोलता शिकवणारी तीच एक शिक्षिका होती.

महिन्याभरानं सरांच्या मिसेसचा मला फोन. "बाई, आमच्या ह्यांना काय केलंय तुम्ही?"

"का हो? काय झालं?"

"भांडण चालू झालं की डोक्यावर हात ठेवून बसत्यात! मी एकटीनं किती भांडायचं?"

*

हिवाळ्यात बापूंच्या गुऱ्हाळावर सहल गेली. गुऱ्हाळ म्हणजे पोरांचा स्वर्ग. एकीकडे इंजिनावर चरक चालू, त्यात ऊस जातोय, दुसरीकडे भल्यामोठ्या काहिलीत रस उकळतोय, वाफ, धूर, गोड वास. आणि आवाज! शेजारच्या माणसाशी बोलायचं तर त्याच्या कानाला लागावं लागतं. बापू मात्र नेहमीच्याच आवाजात बोलत होते आणि स्पष्ट ऐकू येत होते.

काहिलीपासून लांब, दोरी बांधली होती तिथं पोरं ओळीनं उभी होती. ओवी बराच वेळ रसाकडे बघत होती. बघता बघता तिचा हात डोक्यावर गेला. पोरांचे हात गेले. शिंदे सरांचा गेला. गुऱ्हाळावरच्या गड्यांना गंमत वाटली, त्यांनीही ठेवले. इंजिनाजवळच्या माणसानं वळून बघितलं, तर सगळे डोक्यावर हात ठेवून उभे! कोणाचा हात चरकात गेला असं वाटून त्यानं झटकन इंजिनच बंद केलं.

एकदम शांत. काहिलीतल्या रसाचे बुडबुडे तेवढे ऐकू येत होते. डबडब, डबडब. काहील ढवळणारा गडीसुद्धा एक हात डोक्यावर ठेवून, ढवळायचं थांबवून ऐकत राहिला. आता बोलणार, मग बोलणार, असं करत सगळे थांबले. ओवीनं हात खाली घेईपर्यंत रस जरा जास्तच शिजला आणि तो घाणा, म्हणजे अख्ख्या काहिलीचा गूळ, काळा पडला!

"काय गं हे?" बापू कडाडले. "कशाला हात ठेवलास?"

आणि ओवी बोलली. सगळ्यांदेखत, मोठ्यानं. "गूळ काय म्हणतोय ते ऐकालतो, आज्जा." आमच्याकडे पोरीही पोरांसारखंच बोलतात, 'ऐकालतो', म्हणजे ऐकतोय.

बापू टोपी सारखी करत माझ्याकडे वळून म्हणाले, "शांतता लई महाग पडली, बाई!"

तो काळा गूळ शाळेच्या स्वयंपाकघरात आला आणि आम्ही चिक्की करून करून दमलो. यार्डात मात्र बापू ज्याला त्याला सांगत सुटले होते, "नातीनं माझं इंजिन बंद पाडलं! एक शब्द न बोलता!"

*

ओवीची गाडी मग जी सुटली ती सुटलीच. तेव्हा मी दुसरा बदल केला. शाळा बघायला येणाऱ्या पालकांना शाळा मी दाखवायची नाही, मुलांनी दाखवायची. त्यासाठी मी मुद्दाम ओवीला पुढं केलं. मागून कान देऊन ऐकत होते, हे कबूल करते.

पुण्याहून परत आलेलं एक आयटीतलं जोडपं होतं. मुलगा कडेवर. त्यांच्या मोबाइलमध्ये प्रश्न लिहून आणलेले. ओवी त्यांना विचारायलाच देईना.

"ही लायब्ररी. पावसात इथं गळतंय, म्हणून पुस्तकं त्या कोपऱ्यात ठेवल्यात. हे स्वयंपाकघर. आज पिठलं हाय, तिखट झालंय. हा चिडका कट्टा."

"चिडका कट्टा म्हणजे?" मुलाच्या आईंनी विचारलं.

"राग आला की इथं बसायचं. कुणी काय विचारायचं न्हाय. राग गेला की उठायचं. शिंदे सर लई येळा बसत्यात. ताई पण बसत्यात, पर चहा घेऊन."

मी चिंचेमागं आणखी सरकले. आता गेली ही अ‍ॅडमिशन! गळकी लायब्ररी, तिखट पिठलं आणि चिडणारे शिक्षक. यापेक्षा मी छापलेलं पत्रक परवडलं असतं.

जोडपं ऑफिसात आलं. मुलाच्या आई काही विचारणार, एवढ्यात त्यांचे मिस्टर म्हणाले, "आम्हाला प्रवेश घ्यायचाय. फक्त एक सांगा. पालकांना त्या कट्ट्यावर बसता येतं का?"

*

येत होतं! कारण तिसरा बदल तोच होता. महिन्यातून एकदा प्रत्येक पालकानं शाळेत दिवसभर कामाला यायचं. आम्ही त्याला 'पाळी घालणं' म्हणायचो.

बापूंची पाळी आली तेव्हा त्यांना कांदे चिरायला बसवलं. डोळे पुसत पुसत त्यांनी पोरांना जुन्या बाजाराच्या गोष्टी सांगितल्या. त्यांच्या आजोबांच्या काळात म्हणे सौदा रुमालाखाली व्हायचा. दोघांनी रुमालाखाली हात घालायचे, बोटं दाबून आकडा सांगायचा. चारचौघांत सौदा, पण तोंडातून एक अक्षर नाही.

"म्हणजे आमच्यासारखंच की!" ओवी म्हणाली.

बापूंनी मग रुमाल काढून दाखवलंच. पोरांना असा नाद लागला की शिंदे सरांनी दुसऱ्या दिवसापासून तोंडी गणितं बंद केली. सर प्रश्न विचारणार, पोरं रुमालाखाली त्यांची बोटं दाबून उत्तर देणार. ज्याचं चुकलं त्याचं कोणाला कळायचं नाही. सर नुसते मिशीत हसायचे आणि बोटं पुन्हा पुढं करायचे. वर्गात 'मला येत नाही' म्हणून मागं बसणारी दोन-तीन पोरं पुढं येऊन बसायला लागली, तेव्हा मला फार बरं वाटलं.

पुढच्या महिन्यात बापू तणतणत आले. "बाई, हे कसलं शिक्षण? पोरगी जेवताना टॉवेलाखालनं माझी बोटं दाबून किती लाडू पायजेत सांगती! कुणी शिकवलं हे?"

मी म्हटलं, "तुम्हीच की, बापू!"

बापूंनी थोडा विचार केला. मग विचारलं, "मग मी उरलेल्या दिवशी पण येऊ का?"

*

आता फेब्रुवारीतल्या पालकसभेचं सांगते.

सभेच्या आदल्या दिवशी बापू फाटकाशी येऊन थांबले. आत येईनात. "बाई, पाठीमागनं बोलणारा माणूस मी न्हाय. म्हणून आधीच सांगाय आलोय. उद्या मी उठणार आणि परीक्षा चालू करा म्हणणार. सगळ्यांनी मलाच बोलाय सांगितलंय."

"का, बापू?"

"पोरगी बोलाय लागली, तुमचे उपकार हायत. झाडावर चढती, भाकरी थापती, सगळं करती. वाचाय मात्र अजून अडखळती. आणि आज ना उद्या दुसऱ्या शाळंत जाणार न्हवं? तिथं ही डोक्यावर हात ठिवून उभी राहिली, तर कोण गप बसणार हाय?"

प्रश्न खराच होता. मी चहा घेऊन कट्ट्यावर जाऊन बसले, पण त्या दिवशी राग नव्हता, नुसती भीती होती.

रविवारी सकाळी मोठा वर्ग पालकांनी भरला. मोठ्या बाई जयसिंगपूरहून एसटीनं आल्या आणि शेवटच्या ओळीत बसल्या. "मला पुढं बोलावू नकोस," म्हणाल्या. पोरांना घेऊन शिंदे सर स्वयंपाकघरात थालीपिठं करत होते.

मी चार वाक्यं बोलले असेन. मग जे सुरू झालं ते विचारू नका. कोणाला बस हवी होती, कोणाला पाढे हवे होते. "माझ्या मेव्हण्याची पोरगी फाडफाड इंग्रजी बोलती!" "मग मेव्हण्याला सांगा की आमच्या पोरीगत भाकरी थापून दाखवा म्हणावं!" आयटीवाले मिस्टर उभे राहिले, त्यांना दोघांनी हाताला धरून खाली बसवलं. मी हात डोक्यावर ठेवला. कोणी बघितलंसुद्धा नाही. हाताला मुंग्या आल्या तेव्हा मी तो खाली घेतला.

बापू उठले. "ओ पावणं, ऐका की जरा!" कोणी ऐकेना. "अवो, ऐका!" आयुष्यात पहिल्यांदा बापूंचा आवाज पुरत नव्हता. त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि त्यांचा उजवा हात टोपीवर गेला.

आपण काय करतोय हे त्यांना तरी कळलं होतं का, कोण जाणे. शेजारी दूध संस्थेत काम करणाऱ्या वहिनी बसल्या होत्या. बोलता बोलता त्या थांबल्या आणि त्यांनी पदरावरून हात डोक्यावर ठेवला. त्यांच्या मागच्यानं ठेवला. मेव्हणेवाल्यानं मांडीवरचं हेल्मेट सांभाळत ठेवला. पोरांनी घरोघरी आईबापांची किती तालीम घेतली होती, ते मला त्या दिवशी कळलं. एकेक आवाज विझत गेला आणि भरला वर्ग डोक्यावर हात ठेवून गप्प झाला.

इतकं शांत झालं की उसातली मोटर ऐकू यायला लागली. तव्यावरचं थालीपीठ चरचरताना ऐकू आलं. आणि स्वयंपाकघरातून आवाज आला, थेट बापूंच्या घराण्यातला.

"सर, तुमी चिडलायसा! कट्ट्यावर जावा! थालीपीठ मी बघतो!"

कोणी हसलं नाही. बापूंचा हात अजून टोपीवरच होता. ते स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते. विश्वस्तांनी माझ्याकडे बघितलं, मी मोठ्या बाईंकडे बघितलं. त्या आपल्या पांढऱ्या केसांवर हात ठेवून डोळे मिटून बसल्या होत्या.

बऱ्याच वेळानं बापूंनी हात खाली घेतला. टोपी सारखी केली आणि खुर्चीवर बसले. सगळ्यांचे हात खाली आले, पण तोंड कोणीच उघडलं नाही.

शेवटी विश्वस्तांनीच खाकरून विचारलं, "बापू, तुम्ही बोलणार होता ना?"

"बोललो की!" बापू म्हणाले.